समजून घ्या : बॉइल यांच्या तक्त्यातला एक इंचाचा फरक

बॉइलचा नियम आठवतोय? तापमान तेच ठेवून वायूवरचा दाब दुप्पट केला, की त्याचे आकारमान निम्मे होते. परीक्षेपुरते एवढे पुरते. पण रॉबर्ट बॉइल यांनी 1662 मध्ये छापलेला मूळ तक्ता नियमापेक्षा रंजक आहे.

तक्त्यात काय आहे?

इंग्रजी 'जे'च्या आकाराची काचेची नळी, आखूड टोक बंद. लांब टोकातून पारा ओतत गेले, की आखूड बाजूला अडकलेली हवा दबत जाते. हवेची जागा 48 भागांवरून 12 वर आली, म्हणजे चौथाई झाली. सुरुवातीचा दाब होता 29 पूर्णांक 1/8 इंच पारा. त्याची चौपट 116.5 इंच. प्रत्यक्षात मोजमाप आले 117 पूर्णांक 9/16. बॉइल यांनी दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापले.

उत्तर आधी काढून मग रीडिंग भरणाऱ्या कॉलेज जर्नलांच्या जमान्यात हे जरा टोचते. शिवाय दाब आणि आकारमानाच्या या नात्याचे श्रेय त्यांनी रिचर्ड टाउनली यांना दिले होते. नाव मात्र बॉइल यांचेच चिकटले.

फसलेल्या प्रयोगांवर निबंध

त्याआधी 1661 मध्ये त्यांनी प्रयोग का फसतात यावर दोन निबंध लिहिले. एकाच नावाने विकली जाणारी रसायने सारखी नसतात, त्यात भेसळ असते. त्यामुळे एकदा जमलेला प्रयोग पुढच्या वेळी जमेलच असे नाही, हा त्यातला मुद्दा. त्याच वर्षी 'द स्केप्टिकल किमिस्ट' आले. सगळे पदार्थ चार तत्त्वांचे किंवा मीठ, गंधक, पारा या तिघांचे बनतात, या जुन्या समजुतींना त्यात आव्हान होते. हलक्या धातूचे सोने होऊ शकते, यावर मात्र त्यांचा विश्वास होता. सोने बनवण्यावर बंदी घालणारा जुना कायदा 1689 मध्ये रद्द झाला, त्यामागे त्यांचेही प्रयत्न होते.

मग देवाचे काय?

बॉइल कट्टर श्रद्धाळू ख्रिस्ती होते. 1680 मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना अध्यक्ष निवडले; शपथ घेणे मनाला पटेना म्हणून त्यांनी पद नाकारले. 1686 च्या पुस्तकात त्यांनी 'निसर्गाला पोकळी आवडत नाही' अशा बोलण्यावरच बोट ठेवले. निसर्ग ही कुणी आवडी-निवडी असलेली देवी नाही, असे त्यांचे म्हणणे. जग त्यांना स्ट्रासबर्गच्या प्रसिद्ध घड्याळासारखे वाटे : घडवणारा देव, पण चाके कशी फिरतात ते माणसाने उघडून बघायचे.

31 डिसेंबर 1691 रोजी ते गेले. मृत्युपत्रात ख्रिस्ती धर्माच्या समर्थनार्थ व्याख्यानांसाठी वर्षाला 50 पौंडांची तरतूद होती. अट एकच : ख्रिस्ती पंथांच्या आपसातल्या भांडणांत पडायचे नाही. 1692 ची पहिली व्याख्याने रिचर्ड बेंटली यांनी दिली, आणि त्यांनी आधार घेतला न्यूटन यांच्या भौतिकशास्त्राचा.