खेळांतला जादूचा सोबती

मेजाभोवतीं बसून रंगविण्याच्या कथाखेळांत जादूचा सोबती-पशु आला, कीं नवशिका खेळाडू हरखून जातो; परंतु त्या पशूची मर्यादा त्याला आधीं समजाविली पाहिजे. १९७४ सालीं अमेरिकेंत निघालेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या २०१४ च्या नियमांप्रमाणें मांत्रिक घुबड किंवा मांजर बोलावितो. तें शत्रूवर हल्ला करीत नाहीं. मात्र शंभर फुटांच्या आंत असेतों धनी त्याच्या डोळ्यांनीं पाहूं शकतो. तेवढा वेळ धन्याचे स्वतःचे डोळे व कान बंद असतात.

समजा, कथा परंड्याच्या किल्ल्यांत घडते. १६३२ सालीं विजापुरास नेण्यापूर्वीं येथें ‘मुलूखमैदान’ तोफ होती. तिचें मुख हत्तीला गिळणाऱ्या सिंहाचें आहे. घुबड तटावरून ती तोफ पाहतें. इकडे धन्यामागें पहारेकरी आला, तर चाहूल कोण देणार? अर्थात् बरोबरचे गडी. सहकार्याचा धडा येथेंच मिळतो.

घुबड मेलें तर नाहींसें होतें. एक तास व दहा सुवर्णनाण्यांची सामग्री खर्चिली, कीं पुन्हा येतें. खेळ चालविणाऱ्यानें हा खर्च काटेकोर मोजावा. नाहींतर नवशिका त्या मुक्या जीवाला बेफिकिरीनें संकटांत लोटतो, आणि सोबती केवळ साधन होऊन बसतो.