हॅरिएट मायर्स यांना स्वपक्षानेच का नाकारलं?

लेखमाला : अमेरिकी उजवे आणि न्यायपीठ (लेखांक ४)

३ ऑक्टोबर २००५ च्या सोमवारी सकाळी अध्यक्ष जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी सर्वोच्च न्यायालयासाठी हॅरिएट मायर्स यांचं नाव जाहीर केलं. न्या. सँड्रा डे ओकॉनर यांनी जुलैमध्ये निवृत्तीचा निर्णय कळवला होता, त्या जागेसाठी ही निवड होती. मायर्स तेव्हा व्हाइट हाउसच्या मुख्य कायदेविषयक सल्लागार होत्या. त्याआधी डॅलसमधल्या एका मोठ्या लॉ फर्मच्या प्रमुख, टेक्सासच्या स्टेट बारच्या पहिल्या महिला अध्यक्ष, डॅलस शहराच्या कौन्सिलवर एक मुदत, टेक्सास लॉटरी आयोगाचं अध्यक्षपद. न्यायाधीशाच्या खुर्चीत मात्र त्या कधी बसल्या नव्हत्या. सिनेटमध्ये रिपब्लिकन पक्षाकडे १०० पैकी ५५ जागा होत्या. डेमोक्रॅट पक्षाचे तिथले नेते हॅरी रीड यांनी तर हे नाव बुश यांना स्वतःहून सुचवलं होतं. एवढी मोकळी वाट असूनही चोवीस दिवसांत, २७ ऑक्टोबरला, मायर्स यांनी माघार घेतली. ती घ्यायला लावली बुश यांना मतं देणाऱ्या, त्यांच्यासाठी लेखण्या झिजवणाऱ्या कॉन्झर्व्हेटिव्ह मंडळींनी.

अमेरिकी कॉन्झर्व्हेटिव्ह माणूस न्यायाधीशांकडे कसा पाहतो हे समजून घ्यायला याइतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडत नाही. गेल्या लेखांकात पाहिलेल्या रॉबर्ट बोर्क प्रकरणात पक्षाचा फायदा आणि तत्त्व एकाच दिशेला होते, त्यामुळे कोण कशासाठी लढतंय ते ओळखणं कठीण होतं. २००५ मध्ये पक्ष एकीकडे आणि तत्त्व दुसरीकडे असा सामना लागला.

नेमणुकीची पद्धत आपण पहिल्या लेखांकात पाहिली आहे: अध्यक्ष नाव सुचवतो, सिनेट संमती देते, आणि एकदा बसलेला न्यायाधीश स्वतः उठेपर्यंत किंवा मरेपर्यंत बसतो, महाभियोगाचा मार्ग कागदावर आहे, पण त्या वाटेने सर्वोच्च न्यायालयातून अजून कोणीही गेलेलं नाही. आपल्या घटना समितीत २४ मे १९४९ रोजी न्यायाधीशांच्या नेमणुकीवर चर्चा झाली, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही पद्धत नजरेसमोर ठेवली होती. ती किचकट आहे आणि तिच्यात राजकीय दबावाला वाव मिळतो, असं सांगून त्यांनी ती बाजूला सारली. निव्वळ सरकारच्या मर्जीवर चालणारी ब्रिटिश पद्धतही त्यांना नको होती आणि सरन्यायाधीशांना नकाराधिकार देणंही धोक्याचं वाटत होतं. आपल्याकडे पुढे न्यायवृंद आला, तो वेगळा विषय. अमेरिकेच्या पद्धतीबद्दल बाबासाहेबांनी दाखवलेला धोका मात्र पुढच्या पंचाहत्तर वर्षांत शब्दशः खरा ठरला.

आता कॉन्झर्व्हेटिव्ह मंडळींच्या बाजूने हा इतिहास वाचून पाहू. १९५३ मध्ये रिपब्लिकन अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी अर्ल वॉरन यांना सरन्यायाधीश केलं, १९५६ मध्ये विल्यम ब्रेनन यांना आणलं. हे दोघे विसाव्या शतकातल्या उदारमतवादी न्यायशास्त्राचे खांब ठरले. निक्सन यांनी १९६८ ची निवडणूक लढवताना घटनेचा काटेकोर अर्थ लावणारे न्यायाधीश देण्याचं वचन दिलं आणि चार जणांना बसवलंही. १९७३ मध्ये ‘रो विरुद्ध वेड’ खटल्यात गर्भपाताचा घटनात्मक हक्क सात विरुद्ध दोन मतांनी मान्य झाला, तेव्हा त्या चारांपैकी तिघे बहुमतात होते आणि निकालपत्र त्यांच्यातल्याच हॅरी ब्लॅकमन यांनी लिहिलं होतं. फोर्ड यांनी १९७५ मध्ये नेमलेले जॉन पॉल स्टीव्हन्स पुढे उदारमतवादी गटाचे ज्येष्ठ झाले.

सगळ्यात खोल जखम डेव्हिड सूटर यांची. १९८७ मध्ये बोर्क ५८ विरुद्ध ४२ मतांनी हरले, कारण त्यांनी खूप लिहून ठेवलं होतं आणि त्यातलं प्रत्येक वाक्य त्यांच्याविरुद्ध वापरता आलं. त्यावरून थोरल्या बुश यांच्या सल्लागारांनी धडा घेतला की कमी लिहिलेला माणूस शोधा. १९९० मध्ये न्यू हॅम्पशायरचे सूटर मिळाले. व्हाइट हाउसचे चीफ ऑफ स्टाफ जॉन सुनुनू पूर्वी त्याच राज्याचे गव्हर्नर होते. त्यांनी कॉन्झर्व्हेटिव्ह मंडळींना निर्धास्त राहायला सांगितलं. सिनेटने ९० विरुद्ध ९ मतांनी संमती दिली. दोनच वर्षांनी ‘प्लॅन्ड पेरेन्टहुड विरुद्ध केसी’ खटल्यात ‘रो’ उलटवण्याची संधी आली. तेव्हा नऊपैकी आठ न्यायमूर्ती रिपब्लिकन अध्यक्षांनी नेमलेले होते. तरीही ‘रो’चा गाभा पाच विरुद्ध चार मतांनी टिकला. राखणारे पाचही रिपब्लिकन नेमणुकीतले, आणि पीठावर डेमोक्रॅट अध्यक्षाने नेमलेले जे एकटे बायरन व्हाइट होते, त्यांनी विरोधात मत दिलं. सूटर राखणाऱ्यांत होते.

वीस वर्षं निवडणुका जिंकूनही हाती काही न लागणं म्हणजे काय, हे इथे समजून घ्यायला हवं. १९७३ पूर्वी गर्भपाताचा कायदा प्रत्येक राज्याचं विधिमंडळ करत होतं. कुठे बंदी होती, कुठे मोकळीक. निकालानंतर पन्नास राज्यांना एकच नियम लागू झाला आणि तो बदलण्याचा अधिकार कोणत्याच विधिमंडळाकडे उरला नाही. ज्या मतदाराला तो नियम मूलतः चुकीचा वाटत होता, त्याने आमदाराकडे जाऊन उपयोग नव्हता. त्याच्याजवळ एकच रस्ता उरला: न्यायाधीश नेमणारा अध्यक्ष निवडणं. ‘रो’ योग्य होतं असं मानणाऱ्यानेही ही कोंडी नाकारू नये असं मला वाटतं. एरवी राजकारणात फारसा रस नसलेली चर्चमधली माणसं अध्यक्षपदाचं मत देताना सर्वोच्च न्यायालय डोळ्यांसमोर ठेवतात, त्याचं मूळ या कोंडीत आहे.

या कोंडीतून त्यांनी एक सिद्धांत उभा केला. १९८२ मध्ये येल आणि शिकागोच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी फेडरलिस्ट सोसायटी काढली. अँटोनिन स्कॅलिया आणि बोर्क हे त्यांचे सुरुवातीचे मार्गदर्शक. १९८५ मध्ये रेगन यांचे अॅटर्नी जनरल एडविन मीस यांनी वकिलांच्या राष्ट्रीय संघटनेसमोर जाहीर मांडणी केली की घटना लिहिणाऱ्यांच्या मूळ हेतूला न्यायाधीश बांधील असला पाहिजे. स्कॅलियांनी त्यात सुधारणा केली: लिहिणाऱ्यांच्या मनात काय होतं ते सोडा, त्या काळच्या वाचणाऱ्याला त्या शब्दांचा काय अर्थ कळत होता ते पाहा. गाभा तोच. बदल हवा असेल तर घटनादुरुस्ती करा किंवा कायदा करा, न्यायाधीशाकडून करून घेऊ नका. पुढच्या वीस वर्षांत या विचारात वाढलेली वकिलांची आणि न्यायाधीशांची एक पिढीच तयार झाली. संघीय अपिली न्यायालयांत मायकल लटिग, मायकल मॅककॉनेल, एडिथ जोन्स, सॅम्युएल अॅलिटो अशी माणसं निकालांमागून निकाल लिहीत होती. आपलं मत लपवून पुढे जायचं नाही, ते मांडून, त्याचा बचाव करून पुढे जायचं, ही या पिढीची जिद्द होती.

आणि अशा वेळी बुश यांनी नाव दिलं ते आपल्या विश्वासातल्या वकीलबाईंचं. त्यांचा युक्तिवाद एवढाच होता की मी तिला अनेक वर्षं ओळखतो, ती बदलणार नाही. सुनुनू यांच्या शब्दांची आठवण ताजी असलेल्यांना हे ऐकवेना. जॉर्ज विल आणि चार्ल्स क्राउथॅमर यांनी पहिल्याच आठवड्यात स्तंभांतून विरोध केला. काही काळापूर्वीपर्यंत बुश यांची भाषणं लिहिणारे डेव्हिड फ्रम विरोधात उभे राहिले. खुद्द बोर्क यांनी टीव्हीवर ही निवड सर्व अंगांनी अनर्थकारक असल्याचं सांगितलं. व्हाइट हाउसने मग मायर्स यांच्या चर्चचा, श्रद्धेचा हवाला द्यायला सुरुवात केली. माझ्या मते सगळ्यात मोठी घसरण इथे झाली. न्यायाधीशाची श्रद्धा हीच त्याच्या मताची हमी असेल, तर मीस आणि स्कॅलिया वीस वर्षं कशासाठी भांडत होते?

कागद बाहेर येऊ लागले तसा गोंधळ वाढला. १९८९ मध्ये डॅलस कौन्सिलची निवडणूक लढवताना मायर्स यांनी एका गर्भपातविरोधी संघटनेच्या प्रश्नावलीत बंदीच्या घटनादुरुस्तीला पाठिंबा लिहिला होता. १९९३ च्या एका भाषणात मात्र अशा प्रश्नांत व्यक्तीच्या स्वयंनिर्णयाकडे त्यांचा कल दिसत होता. कोणत्या मायर्स खऱ्या? सिनेटच्या न्यायविषयक समितीला दिलेली त्यांची लेखी उत्तरं इतकी अपुरी होती की समितीचे रिपब्लिकन अध्यक्ष आर्लेन स्पेक्टर आणि डेमोक्रॅट नेते पॅट्रिक लेही यांनी मिळून ती पुन्हा लिहायला सांगितली. शेवटी व्हाइट हाउसमधली गोपनीय कागदपत्रं सिनेटला देता येत नाहीत, हे कारण पुढे करून माघार जाहीर झाली. मानाने बाहेर पडण्याची ही वाट क्राउथॅमर यांनी आठवडाभर आधीच स्तंभात सुचवून ठेवली होती.

या टीकेत एक ओंगळ सूरही होता आणि तो लपवून चालणार नाही. हार्वर्ड किंवा येल सोडून सदर्न मेथडिस्ट विद्यापीठातून शिकल्याबद्दल मायर्स यांना नाकं मुरडली गेली. स्त्री वकिलाला मोठ्या फर्मचे दरवाजे बंद असण्याच्या काळात त्यांनी डॅलसमध्ये जे कमावलं, ते हिणवण्यासारखं नव्हतं. ‘न्यायाधीशपदाचा अनुभव नाही’ हा आक्षेपही तकलादू होता. विल्यम रेनक्विस्ट यांनाही तो नव्हता आणि ते कॉन्झर्व्हेटिव्ह मंडळींचे लाडके सरन्यायाधीश होते. पण रेनक्विस्ट घटनेबद्दल काय विचार करतात हे नेमणुकीपूर्वी ठाऊक होतं. मायर्स यांच्याबद्दल कोणालाच काही सांगता येत नव्हतं, आणि टीकेतला टिकणारा मुद्दा हाच होता.

३१ ऑक्टोबरला बुश यांनी अॅलिटो यांचं नाव दिलं. पंधरा वर्षांचे निकाल समोर होते. ‘केसी’ खटला खालच्या न्यायालयात असताना १९९१ मध्ये अॅलिटो यांनी, विवाहित स्त्रीने गर्भपातापूर्वी नवऱ्याला कळवावं ही पेनसिल्व्हेनियाच्या कायद्यातली अट वैध ठरवणारं भिन्न मत लिहिलं होतं. डेमोक्रॅट पक्षाला नेमकं कशाला विरोध करायचा ते माहीत होतं, त्यांनी तो केलाही, आणि जानेवारी २००६ मध्ये ५८ विरुद्ध ४२ मतांनी अॅलिटो न्यायपीठावर गेले. २४ जून २०२२ रोजी ‘रो’ आणि ‘केसी’ दोन्ही रद्द करणारं ‘डॉब्स’चं निकालपत्र त्यांनीच लिहिलं.

ऑक्टोबर २००५ चं बंड मला प्रामाणिक वाटतं. इराक युद्धाने आणि कटरिना वादळाने आधीच खचलेल्या स्वतःच्या अध्यक्षाला त्यांनी अडवलं, तेही निवडून आलेल्या पक्षाकडून मिळणारे सगळे लाभ पणाला लावून. पण त्या बंडात दोन मागण्या एकमेकींत मिसळल्या होत्या. एक मागणी पद्धतीची: शब्दांना बांधील न्यायाधीश द्या. दुसरी निकालाची: आमच्या बाजूने मत देईल याची खात्री द्या. तेव्हा अॅलिटो दोन्ही मागण्यांत बसत असल्यामुळे या वेगळ्या आहेत हे कोणाला जाणवलंच नाही.

जाणवलं १५ जून २०२० रोजी. ट्रम्प यांनी नेमलेल्या नील गॉर्सच यांनी ‘बोस्टॉक’ खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला की १९६४ च्या नागरी हक्क कायद्यातली लिंगभेदबंदी समलिंगी आणि ट्रान्सजेंडर कर्मचाऱ्यांनाही लागू होते. त्यांचं सगळं विवेचन कायद्याच्या शब्दांवर आधारलेलं होतं. अॅलिटो आणि न्या. कॅव्हनॉ यांनी शब्दांच्याच आधारे भिन्न मतं लिहिली. तो वाद खरा आणि करण्याजोगा आहे. पण दुसऱ्या दिवशी सिनेटर जॉश हॉली यांनी सभागृहात जे सांगितलं ते वेगळं होतं: आपण इतकी वर्षं लढलो ते याच्यासाठी असेल, तर ही चळवळ संपली. या आक्षेपात गॉर्सच यांनी शब्द चुकीचा वाचला असं कुठेच नाही. निकाल आवडला नाही, एवढंच आहे. एखाद्या निकालावर अशी तक्रार उदारमतवाद्यांनी केली असती, तर मीस यांनी तिला जागेवर थोपवलं असतं.

मे २०२५ मध्ये ही भेग अध्यक्षांच्याच तोंडून बाहेर आली. आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाच्या तीन न्यायाधीशांनी आयातशुल्काच्या आदेशांविरुद्ध निकाल दिला. त्यांतले एक ट्रम्प यांनीच नेमलेले. ट्रम्प यांनी जाहीरपणे फेडरलिस्ट सोसायटीला आणि तिच्या नेत्यांपैकी लिओनार्ड लिओ यांना दूषणं दिली. न्यायाधीश निवडताना आपल्याला वाईट सल्ला मिळाला, अशी त्यांची तक्रार होती. बुश यांनी विश्वास मागितला होता, ट्रम्प निष्ठा मागत आहेत. पहिल्याला नाही म्हणणाऱ्यांपैकी किती जण दुसऱ्याला नाही म्हणतात, यावर येत्या काही वर्षांतल्या नेमणुका ठरतील. लटिग आधीच उघडपणे विरोधात गेले आहेत. बरेच जण गप्प आहेत.

पुढच्या आठवड्यात: स्कॅलिया यांच्या निधनानंतर रिकामी राहिलेली जागा, मेरिक गारलंड यांची न झालेली सुनावणी आणि ट्रम्प यांनी निवडणुकीआधीच प्रसिद्ध केलेली नावांची यादी.