फॉरवर्ड करण्याआधी राहुलाचा आरसा

आरसा कशासाठी असतो, असा साधा प्रश्न तथागतांनी राहुलाला विचारला होता. पाहण्यासाठी, असं राहुल म्हणाला. मग तथागतांनी त्याला सांगितलं की काया, वाचा, मनाचं प्रत्येक कर्म असंच निरखायचं: करण्याआधी, करताना आणि केल्यानंतर. यातून मला, दुसऱ्याला किंवा दोघांनाही दुःख होतं का? होत असेल तर ते अकुशल. मज्झिम निकायातलं हे ६१वं सुत्त. यात ना देवाची आज्ञा, ना पोथीचा दाखला. सम्राट अशोकांनी भिक्खू-भिक्खुणी, उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावेत असे सात धम्मोपदेश बैराटजवळच्या शिलालेखात नोंदवले, त्यांत राहुलाला केलेला हा उपदेश आहे.

आता आपल्या ग्रुपवर या. कुठे मुलीवर अत्याचार झाला की तासाभरात तिचा फोटो फिरू लागतो. नाव, गाव, कधी शाळासुद्धा. पाठवणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. न्याय मिळावा, समाज रस्त्यावर यावा. पण वस्तीत काम करताना पुढचं दिसतं. मुलगी शाळेत जाईनाशी होते. नातेवाईक तिच्या लग्नाचं बोलू लागतात. घरावर तडजोडीचा दबाव वाढतो. शिवाय लैंगिक अत्याचारातल्या पीडितेची ओळख उघड करणं, मोजके अपवाद सोडता, भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे आणि दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अल्पवयीन मुलांसाठी पॉक्सोचं कलम २३ वेगळंच.

चेतना म्हणजेच कर्म, असं बुद्धवचन आहे ना, मग हेतू शुद्ध असल्यावर दोष कसला, असं शिबिरात तरुण विचारतात. प्रश्न रास्त आहे. हेतूला धम्मात मोठं स्थान आहेच. पण हेतू चांगला म्हणून आरशात बघायची सुट्टी राहुलालाही मिळाली नव्हती. आणि परिणाम डोळ्यांसमोर आल्यावरही तेच करत राहिलो, तर तो हेतू शुद्ध उरतो का?

अॅट्रॉसिटीची कलमं लावा, आरोपींना अटक करा, तपास नीट करा, या मागण्या मुलीचं नाव न घेता करता येतात. फोटो आधीच गेला असेल तर? केलेलं कर्म दुःखदायक निघालं तर ते शास्त्यासमोर किंवा जाणत्या सोबत्यांसमोर उघड करावं आणि पुढे संयम ठेवावा, असं सुत्त सांगतं. म्हणजे पोस्ट गुपचूप उडवून भागत नाही. ज्या ज्या ग्रुपवर ती टाकली, तिथे 'मी टाकलेला फोटो काढा, पुढे पाठवू नका' असं स्वतःच्या नावानं लिहावं लागतं.