दोन इंजिनांचा भरवसा

1952 सालच्या फेब्रुवारी महिन्यात लखनौहून दिल्लीकडे निघालेल्या भारतीय हवाई दलाच्या एका लहानशा ‘डेव्हन’ विमानात भूसेनेचे इतके वरिष्ठ अधिकारी एकत्र बसले होते की, त्या दिवशी दैव फिरले असते तर आपल्या लष्कराची पुढील दहा वर्षांची घडीच विस्कटून गेली असती. कोल्हापुरात जन्मलेले लेफ्टनंट जनरल श्रीनागेश त्यांत होते, ते 1955 मध्ये सरसेनापती झाले. थिमय्या होते, ते 1957 मध्ये त्याच पदावर आले. आणि आपले शंकरराव थोरात होते, ज्यांनी पुढे पूर्व विभागाचे सेनापती असताना चीनच्या आक्रमणाचा धोका सरकारदरबारी वेळेवर मांडून ठेवला होता. विमान उडत असतानाच त्याच्या दोन इंजिनांपैकी एकाने पेट घेतला. वैमानिक फ्लाइट लेफ्टनंट सुहास बिस्वास यांनी ते इंजिन तत्काळ बंद केले, अग्निशामक यंत्रणा चालवली, तरीही ज्वाळा आटोक्यात येईनात. तेव्हा शाबूत असलेल्या दुसऱ्या इंजिनाच्या बळावर पुढे रेटण्याचा मोह बाजूला सारून त्यांनी संडीला गावाजवळच्या मोकळ्या जमिनीवर विमान पोटावर उतरवले. आतील एकही माणूस दगावला नाही. या कामगिरीबद्दल बिस्वास यांना प्रथम श्रेणीचे अशोकचक्र मिळाले, आणि हवाई दलात तो मान मिळवणारे ते पहिलेच अधिकारी ठरले.

हलक्या द्विइंजिनी विमानांच्या अपघातांचा विचार करताना ही सुटकेची हकीगत मी मुद्दाम आधी सांगतो, कारण पुष्कळ दुर्घटनांत जे घडले नाही ते येथे घडले आहे. इंजिने दोन आहेत म्हणजे जिवाची हमीही दुप्पट झाली, ही समजूत प्रवाशांमध्ये सार्वत्रिक आहे. परंतु दुसरे इंजिन वैमानिकाला देते ते केवळ निर्णयाला लागणारा थोडासा अवधी आणि थोडी निवड, आणि तो अवधी सत्कारणी लागला नाही तर तेच इंजिन विमानाला उलथवून टाकण्यास कारणीभूत होऊ शकते.

आमचे येवले हे पश्चिमेकडील ओझर आणि दक्षिणेकडील शिर्डी या दोन विमानतळांच्या मधल्या टापूत येते. शिर्डीचा विमानतळ 1 ऑक्टोबर 2017 पासून सुरू झाला, आणि तेव्हापासून विमान ही आमच्या तालुक्यातल्या शेतकऱ्यालाही नवलाची वस्तू राहिलेली नाही. पण सगळ्या विमानांना एकच नियम लागू नसतो. मोठ्या प्रवासी विमानांना एक इंजिन बंद पडले तरी ठरावीक प्रमाणात वर चढत राहता आलेच पाहिजे, असा कायद्याचा दंडक आहे. लहान विमानांच्या बाबतीत मात्र कायदा इतका कठोर नव्हता. अमेरिकेच्या ज्या नियमावलीखाली जगातील बहुसंख्य हलकी विमाने बनली, तिच्यात सहा हजार पौंडांपर्यंतच्या आणि संथ वेगाने उतरू शकणाऱ्या द्विइंजिनी विमानाने एका इंजिनावर वर चढलेच पाहिजे अशी सक्तीच नव्हती. किती चढते किंवा किती वेगाने खाली येते, एवढे मोजून नोंदवले की काम भागत असे. दोन इंजिने पाहून निर्धास्त होणाऱ्या प्रवाशाला हे ठाऊक नसते.

एक इंजिन बंद पडले की शक्ती निम्मी होते हे उघड आहे. पण विमान वर चढते ते समतल उड्डाणाला लागणारी शक्ती वजा जाता जी उरते तिच्या जोरावर, आणि ही शिल्लक मुळात तुटपुंजी असल्यामुळे शक्ती निम्म्याने घटली तरी चढण्याची क्षमता मात्र ऐंशी टक्के किंवा त्याहूनही अधिक घटते. त्यात आमच्या दख्खनच्या पठाराची भर घाला. समुद्रसपाटीपासून दोन हजार फूट उंचीवरच्या धावपट्टीवर मे महिन्याच्या दुपारी तापमान 41 अंशांवर गेले की हवा इतकी विरळ होते की, विमानाच्या लेखी ती धावपट्टी जणू साडेपाच हजार फुटांवर असते. इंजिनाला प्राणवायू कमी, पंख्याला पकड कमी, पंखांना उचल कमी. अशा हवेत भरलेले लहान विमान एका इंजिनावर निघाले, तर हिशोब कागदावरच वजाबाकीत जातो.

दुसरी गोष्ट याहून घातक आहे. संक्रांतीचे तीन दिवस येवल्याच्या गच्चीवर ज्याने मांज्याची आसारी हाती धरली आहे त्याला हे चटकन उमगेल: कण्णी मध्यावर न बसता एका बाजूला बसली की पतंग सरळ वर न जाता त्याच बाजूला वळतो, गिरक्या घेतो आणि गोता खातो, आणि वारा जितका जोराचा तितका गोता जबर. विमानाचेही असेच होते: एका पंखावरचे इंजिन थांबून दुसऱ्यावरचे पूर्ण जोराने ओढू लागले की विमानाचे नाक थांबलेल्या इंजिनाच्या बाजूला वळते. ते सरळ ठेवण्याचे काम शेपटीवरच्या रडरचे. परंतु रडरला बळ येते ते त्यावरून वाहणाऱ्या हवेतून, म्हणजेच वेगातून. म्हणून प्रत्येक द्विइंजिनी विमानाला एक किमान नियंत्रणवेग ठरवून दिलेला असतो आणि तो वेगमापकावर लाल रेघेने दाखवलेला असतो. त्या रेघेखाली वेग गेला आणि चालू इंजिन पूर्ण शक्तीवर असले, तर पाय कितीही जोराने रेटला तरी विमान आवरत नाही. ते बंद इंजिनाकडे कलंडते आणि काही क्षणांतच पालथे होते. अशा वेळी चालू इंजिनाची शक्ती कमी करणे, नाक खाली घेणे आणि समोर मिळेल त्या जमिनीवर सावरून उतरणे हाच तरणोपाय असतो. वैमानिकाचे मन मात्र नेमके उलट सांगत असते.

पहिल्या काही सेकंदांत आणखी एक काम उरकावे लागते, ते म्हणजे कोणते इंजिन गेले हे अचूक ओळखणे. ज्या पायाला जोर लावावा लागत नाही, त्या बाजूचे इंजिन निकामी, असा धडा नवशिक्यांना घोकून घोकून देतात. मग त्या बाजूच्या पंख्याची पाती वाऱ्याच्या दिशेने फिरवून त्याचा रोध काढून टाकायचा असतो. या कामात चूक झाल्यास काय होते ते 4 फेब्रुवारी 2015 रोजी तैवानमध्ये दिसले. तेथे पडलेले विमान हलक्या वर्गातले नव्हते, एटीआर जातीचे होते. पण चूक अगदी याच जातीची होती. उड्डाणानंतर उजव्या इंजिनाची शक्ती गेली आणि वैमानिकाने डावे, म्हणजे चांगले, इंजिन बंद केले. तैपेई शहरातील एका उन्नत मार्गाला पंख घासून विमान नदीत कोसळले आणि 43 माणसे प्राणास मुकली.

येथवर इंजिन बंद पडण्याची गोष्ट झाली. परंतु आपल्याकडील नामांकित अपघातांची कागदपत्रे चाळू लागल्यावर ध्यानात येते की, त्यांत इंजिनाचा दोष हा मुख्य आरोपी बहुधा नसतोच. 30 सप्टेंबर 2001 रोजी माधवराव शिंदे कानपूरच्या सभेला निघाले असता उत्तर प्रदेशातील मैनपुरी जिल्ह्यात त्यांचे बीचक्राफ्ट किंग एअर सी-90 विमान पडले आणि आतील आठही जण गेले. त्या दिवशी त्या भागात हवामान बिघडलेले होते. 22 डिसेंबर 2015 रोजी सीमा सुरक्षा दलाचे सुपर किंग एअर बी-200 दिल्लीहून रांचीकडे निघाले, धुक्यात उठले आणि दिल्लीतल्याच द्वारकेजवळ एका भिंतीवर आदळले. दहा जण मृत्यू पावले. चौकशीत निष्पन्न झाले ते असे की, पुरेशी उंची गाठण्यापूर्वीच स्वयंचलित नियंत्रक सुरू केला गेला, पण दिशा धरून ठेवण्याची कळ दाबलीच गेली नाही; विमान हळूहळू डावीकडे कलत गेले, बाहेर धुके असल्याने क्षितिज दिसत नव्हते, आणि दोघांपैकी कोणीही ते वेळीच सावरले नाही. परदेशातही याहून निराळे नाही. 21 फेब्रुवारी 2017 रोजी मेलबर्नच्या एसेंडन विमानतळावरून बी-200 जातीचेच विमान उठले, तेव्हा त्याच्या रडरची समतोल-चकती डावीकडे टोकापर्यंत फिरवलेली होती. निघण्यापूर्वीच्या तपासणीत ती मध्यावर आणायची असते, पण कोणाचे लक्ष गेले नाही. विमान डावीकडे ओढले जात एका बाजारपेठेच्या छपरावर कोसळले आणि आतील पाचही जण दगावले.

मुंबईच्या घाटकोपरची दुर्घटना आपल्या राज्यातली म्हणून तिच्याकडे अधिक बारकाईने पाहिले पाहिजे. 28 जून 2018 रोजी दुपारी जुहू विमानतळावरून किंग एअर सी-90 जातीचे एक विमान चाचणी-उड्डाणासाठी निघाले. पूर्वी ते उत्तर प्रदेश सरकारच्या मालकीचे होते, अलाहाबादेत त्याला अपघात झाला होता, पुढे ते विकले गेले आणि दीर्घकाळच्या दुरुस्तीनंतर पुन्हा आकाशात चढत होते. दोन वैमानिक आणि देखभालीचे दोन तंत्रज्ञ असे चार जण आत होते. पावसाळ्याचे दिवस, आभाळ खाली उतरलेले. जुहूकडे परतत असताना ते सर्वोदयनगरातील दाट वस्तीत एका बांधकामाच्या जागेवर कोसळले. चौघे तर गेलेच, शिवाय रस्त्याने चाललेला एक पादचारीही होरपळून मेला. त्या बांधकामावरचे मजूर तेवढ्यात जेवायला गेले होते, म्हणूनच मृतांचा आकडा पाचावर थांबला. चौकशी अहवालाने ठपका ठेवला तो असा की, अपुऱ्या दृश्यमानतेत वळणे घेताना वेगाचे आणि परिस्थितीचे भान सुटले आणि विमान स्टॉल झाले, म्हणजे पंखांची उचल नाहीशी होऊन दगडासारखे खाली आले. दोन इंजिने हाताशी असताना झालेला हा घात आहे. दुरुस्तीनंतरच्या पहिल्या उड्डाणासाठी पावसाळी दुपार का निवडली जावी, या प्रश्नाची टोचणी माझ्या मनातून जात नाही. चाचणीचे उड्डाण एक दिवस तहकूब झाले असते तर कोणाचेही काही अडणार नव्हते.

सुखरूप सुटकेच्या कथाही आहेत. 24 मे 2016 रोजी पाटण्याहून दिल्लीला रुग्ण नेणाऱ्या सी-90 ची दोन्ही इंजिने बंद पडली, तरी वैमानिकांनी ते नजफगडजवळच्या शेतात उतरवले आणि सातही जण वाचले. 6 मे 2021 रोजी नागपूरहून उडताना दुसऱ्या एका रुग्णवाहू सी-90 चे एक चाकच निखळून पडले. वैमानिकाने मुंबईला फेस पसरलेल्या धावपट्टीवर ते पोटावर उतरवले, रुग्णासह पाचही जण सुरक्षित. 14 सप्टेंबर 2023 च्या मुसळधार पावसात मुंबईलाच एक लिअरजेट 45 धावपट्टीवरून घसरून मोडले, त्यातले आठही जण जगले. वरच्या यादीतले मृत्यू आणि या सुटका एकमेकांशेजारी मांडून पाहिल्या की जाणवते, इंजिने मुळीच नसताना माणसे वाचली आहेत आणि दोन्ही इंजिने असताना दगावली आहेत.

हलक्या विमानांच्या या वर्गात एक उणीव कायद्यानेच राहू दिली आहे. 5,700 किलोंपेक्षा कमी वजनाच्या विमानांना उड्डाणाची सर्व मापे नोंदवणाऱ्या यंत्राची सक्ती बहुतांशी नाही, आणि बी-200 चे कमाल वजन 5,670 किलो आहे, म्हणजे मर्यादेच्या अगदी काठावर. मोठ्या विमानाच्या अपघातात चौकशी अधिकाऱ्यापुढे हजारो नोंदी येतात, लहानाच्या अपघातात पुष्कळदा जळालेला सांगाडा आणि साक्षीदारांच्या जबान्या. मंत्री, पुढारी, उद्योगपती, अत्यवस्थ रुग्ण आणि शिकाऊ तरुण हे सर्व मुख्यतः याच वर्गातल्या विमानांतून फिरतात, हे लक्षात घेता ही सवलत आता मागे घेतली पाहिजे. भारतात विमान अपघातांच्या अन्वेषणासाठी स्वतंत्र विभाग 2012 मध्ये स्थापन झाला आणि त्याचे अंतिम अहवाल सर्वांसाठी प्रसिद्ध होतात. अपघाताच्या दुसऱ्या दिवशी रकानेच्या रकाने छापणारी आपली वृत्तपत्रे वर्षा-दीड वर्षाने येणाऱ्या त्या अहवालाकडे मात्र फिरकत नाहीत, त्यामुळे घातपाताच्या अफवा लोकांच्या ध्यानात राहतात आणि कारण दफ्तरात पडून राहते.

निवडणुका आल्या की आपल्या राज्यातील नेतेमंडळी दिवसात तीन-तीन सभा गाठण्यासाठी अशी विमाने भाड्याने घेतात, आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या पुष्कळ धावपट्ट्यांवर खराब हवेत विमानाला खाली आणणारी मार्गदर्शक उपकरणेही नसतात. सभेचे मैदान भरलेले आहे, लोक खोळंबले आहेत, निघा, असा निरोप वैमानिकाच्या कानावर जातो. त्या एका वाक्याचा भार कोणत्याही वजनपत्रकात लिहिला जात नाही. या मंडळींना, त्यांच्या सचिवांना आणि रुग्णासाठी विमान मागवणाऱ्या नातेवाइकांनाही माझी कळकळीची विनंती आहे: विमान ठरवताना भाड्याबरोबर त्याच्या देखभालीची नोंदवही आणि वैमानिकांच्या अनुभवाचे तासही विचारा, आणि हवा ठीक नाही म्हणून उड्डाण नको असे वैमानिक म्हणाला, तर त्याला दुसऱ्यांदा विचारू नका.