चमच्यावर बंदी, चिमणीला सवलत

नवी दिल्ली : प्लास्टिकचे चमचे, पेले, स्ट्रॉ आदी एकल वापराच्या वस्तूंवरील बंदीची अधिसूचना ऑगस्ट २०२१ मध्ये निघाली आणि १ जुलै २०२२ पासून बंदी देशभर लागू झाली. कोळशावरील वीज प्रकल्पांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा मात्र डिसेंबर २०१५ मध्येच ठरली होती. दोन वर्षांची मुदत वारंवार वाढली. जुलै २०२५ मध्ये चिमणीच्या उंचीचे निकष पाळण्याच्या अटीवर बहुतांश प्रकल्पांना त्यातून सूट मिळाली. भारतीय कोळशात गंधक कमी असते, असे सरकारचे म्हणणे आहे. परंतु उंच चिमणी वायू दूर पसरवते, घटवत नाही. हवेत त्याचे सूक्ष्म सल्फेट कण बनून ते फुप्फुसांत जातात. प्लास्टिकचा चमचा नागरिक नाकारू शकतो. श्वास नाकारता येत नाही.