पायवाट सोडून नाल्यातून

बार्शीटाकळीच्या दक्षिणेकडच्या डोंगरात दोस्तांसोबत आडरानात चालायचं असेल तर कोरडा नाला धरा. डिसेंबर-जानेवारीतच, उन्हाळ्यात हा काळा दगड भयंकर तापतो. हा बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. पाण्याने कापलेली दरड जवळून बघा: खाली टणक कातळ, वर बारीक छिद्रांचा दगड, आणि काही छिद्रांत पांढरी गारगोटी चमकते. मी तर तिथेच रेंगाळतो!

गोटे पायाखालून निसटतात, म्हणून चढताना एकमेकांच्या मागोमाग चिकटून चालू नका. वरच्या अंगाला अवकाळीचं आभाळ भरलं की लगेच काठावर या. जवळच्या काटेपूर्णा अभयारण्यात (१९८८) चौसिंगा आहे. तिथे मात्र वनखात्याची परवानगी घेऊन ठरलेल्या रस्त्यानेच फिरायचं.