धुतलेले भांडे पुरेसे स्वच्छ असते का?

घरच्या घरी, स्वतःपुरती बिअर बनवायला ब्रिटनमध्ये १९६३ पासून परवान्याची गरज उरली नाही. अमेरिकेत तशी करमुक्त सूट देणारा कायदा १९७८ साली झाला. तेव्हापासून दोन्ही देशांत हा छंद चांगलाच रुजला. पण एका वेळी वीसेक लिटर बिअर करणाऱ्या या मंडळींचा बराचसा वेळ भांडी घासण्यातच जातो. असे का, ते पाहू.

मोड आणून वाळवलेले जव गरम पाण्यात भिजवले की त्यांतल्या स्टार्चची साखर होते. हा गोड रस हॉप्स नावाची कडवट फुले घालून तासभर उकळतात, थंड करतात आणि मग त्यात यीस्ट घालतात. उकळीपर्यंत फारशी काळजी नसते, कारण उष्णतेने बहुतेक जंतू मरतात. काळजी सुरू होते रस थंड झाल्यावर. गोड, कोमट रस यीस्टला आवडतो, तसा जीवाणूंनाही आवडतो! आंबवण्याचे पिंप, नळी, झाकण, बाटल्या, म्हणजे या रसाला लागणारी प्रत्येक वस्तू त्यामुळे महत्त्वाची ठरते.

१८५६ साली फ्रान्समधल्या लील शहरात बीटच्या रसापासून अल्कोहोल बनवणाऱ्या एका कारखानदाराने लुई पाश्चर यांची मदत मागितली. त्याच्या काही पिंपांतला रस आंबट होत होता. चांगल्या पिंपांतल्या थेंबात पाश्चरना गोलसर यीस्ट दिसले, तर बिघडलेल्या पिंपांत त्याहून खूप लहान, काडीसारखे जीव. रस आंबट करणारे लॅक्टिक आम्ल तेच तयार करत होते.

मग भांडे नुसते जंतुनाशकात बुडवले तर? इथेच चूक होते. सोडियम हायपोक्लोराइटसारखे जंतुनाशक समोर येईल त्या सेंद्रिय पदार्थावर क्रिया करते. भांड्याला जुना राप असेल तर ते रापावरच खर्ची पडते आणि रापाखालचे जंतू सुखरूप राहतात. म्हणून कामे दोन आहेत. आधी घासून मळ काढायचा. हे आदल्या दिवशी केले तरी चालते. मग जंतुनाशक वापरायचे. ते मात्र वापरायच्या थोडेच आधी, कारण हवेतल्या धुळीबरोबर जंतू पुन्हा येऊन बसतात. प्लॅस्टिकचे पिंप तारेच्या घासणीने घासत नाहीत. ओरखड्यांत जंतूंना लपायला जागा मिळते.

इतके करूनही सगळे जंतू मरत नाहीत. मग उपयोग काय? थोडे गणित करू. समजा, जीवाणूंची संख्या दर तासाला दुप्पट होते. दहा तासांत ती १०२४ पट होईल. म्हणजे सुरुवातीलाच जंतू हजारपट कमी केले, तर यीस्टला सुमारे दहा तासांची आघाडी मिळते. शिवाय २० लिटर रसात, दर मिलिलिटरला एक कोटी धरले, तर आपण यीस्टच्या २० हजार कोटी पेशी घालतो. त्या वेगाने साखर संपवतात, अल्कोहोल आणि आम्ल तयार करतात. मग मागून येणाऱ्या बऱ्याच जीवाणूंचा टिकाव लागत नाही.

शर्यत हरली तर बिअर आंबते. काही रानटी यीस्ट उरलेल्या शर्करा बंद बाटलीत आंबवत राहतात आणि वायूच्या दाबाने बाटली फुटून इजाही होऊ शकते.

एक इशारा: हायपोक्लोराइटमध्ये व्हिनेगर किंवा दुसरे कोणतेही आम्ल कधीही मिसळू नये. विषारी क्लोरीन वायू बाहेर पडतो.

वर्गात बिअर करायची नाही, पण एक प्रयोग जरूर करता येईल. दोन पेल्यांत पोटॅशियम परमँगनेटचे फिकट गुलाबी पाणी घ्या. एकात चहाच्या कोऱ्या काढ्याचे चमचाभर पाणी घाला. कोणत्या पेल्यातला गुलाबी रंग जातो? का? आणि विहिरीत जंतुनाशक टाकण्यापूर्वी गाळ का उपसायचा, हे विद्यार्थ्यांना यावरून सांगता येईल का?